धाकटीचं नाव

वेन सूफन गेल्या हिवाळ्यात गेली. आमच्या शहराच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्याही पांडाच्या फोटोखाली. फोटोत सूफन कुठेच नव्हती, नुसती तिची बाही दिसत होती. चार ओळींत मावणारी बाई नव्हती ती, म्हणून हे लिहिते आहे. माझं अक्षर बरं आहे. तेवढ्यासाठी तरी देवानं ते दिलं असेल.

आमची ओळख भांडणातून झाली. मी प्राणिसंग्रहालयाच्या स्वयंपाकघरात होते. माकडांची फळं चिरायची, वाघांचं मांस तोलायचं आणि पांडांसाठी मक्याच्या पिठाचे गोळे वाफवायचे, हे माझं काम. सूफन आधी कापडगिरणीत होती. गिरणीचं काम कमी झालं तेव्हा तिला आमच्याकडे पाठवली आणि पांडाघरात नेमली. नवीन आलेली बाई, महिनाही झाला नसेल, माझी सगळी परात परत घेऊन आली आणि चारचौघांत म्हणाली, "फान ताई, लसूण सोललेल्या हातांनी पीठ मळलंस ना? मानमाननं तोंड फिरवलं."

"अगं बाई! सासूबाईंना पसंत पडलं नाही का?" मी म्हणाले. "मग वेगळी चूल मांडून दे तिला."

"मांडीन. तोवर हात धुऊन मळ."

सगळे हसले, ती हसली नाही. सूफन हसायची फार कमी. लोक तिला घमेंडी म्हणायचे. नवरा रेल्वेच्या पुलांवर कामाला, वर्षातून एकदा वसंताच्या सणाला घरी यायचा. मूलबाळ नाही. कामगारांच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून होती आणि भिंत पातळ होती, म्हणून मला ठाऊक होतं की ती घमेंडी नाही. घमेंडखोर माणूस एकटं असताना गुणगुणत नाही.

मानमान म्हणजे आमची पांडा. ज्या साली डोंगरातल्या बांबूला फुलं आली आणि सगळं बांबूचं रान वाळून गेलं, त्या साली ती एका ओढ्यात उपाशी सापडली होती. खाणं हळू, चालणं हळू, रागावणंही हळू, म्हणून नाव मानमान, म्हणजे सावकाश. तिला आधी एकदा पिल्लू झालं होतं आणि ते गेलं होतं. आमच्या प्राणिसंग्रहालयात पांडाचं पिल्लू कधी जगलंच नव्हतं. दुसऱ्यांदा ती गाभण राहिली तेव्हा आमचे प्रमुख छ्यू साहेब पांडाघराभोवती असे फिरायचे, जणू त्यांच्याच घरात पहिलं बाळंतपण आहे.

त्याच उन्हाळ्यात म्याओ डॉक्टर आली. पोरसवदा होती, पण कामात चोख. तिनं पहिल्याच दिवशी सूफनला बजावलं, "वेन मावशी, मानमान फक्त तुमचा हात ओळखते. आता साबण नाही, तेल नाही, लसूण नाही, तिखट नाही, मिरीफुलं नाहीत. अंगाचा वास बदलला तर ती तुम्हाला परकी समजेल."

आमच्या भागात माणसाला तिखट आणि जीभ झिणझिणवणारी मिरीफुलं सोडायला सांगणं म्हणजे श्वास सोडायला सांगणं. सूफननं सोडली. उकडलेला भोपळा आणि पेज यांवर राहू लागली. केसही धुवायची नाही. आमच्याकडे बाळंतीण महिनाभर केस धुवत नाही, वाऱ्यावर जात नाही. मी म्हणायचे, "बाळंतपण तिचं की तुझं?" ती म्हणायची, "दोघींचं धर." हे मी तेव्हा थट्टेवारी नेलं.

भर दुपारी, झाडांवर उन्हाळी किडे किंचाळत असताना मानमान व्याली. पिल्लू केवढं? उंदराएवढं. गुलाबी, डोळे मिटलेले, अंगावर पांढरी लव, आणि आवाज मात्र घर डोक्यावर घेणारा. मानमाननं ते तोंडानं उचलून छातीशी धरलं. छ्यू साहेबांनी डोळे पुसले. तेवढ्यात दुसरं आलं.

दुसरं पहिल्याच्या निम्म्यानं असेल. मानमाननं त्याच्याकडे पाहिलं, हुंगलं. मग छातीवरच्या पिल्लाला अधिकच घट्ट धरून ती भिंतीकडे वळली. पांडाची रीतच ती. रानात एकच जगवते, दुसऱ्याला सोडून देते. त्यात पाप नाही, तिला दोघांना धरताच येत नाही. सूफननं गजांतून हात घातला आणि फरशीवरचं ते पिल्लू ओंजळीत घेतलं.

"मादी आहे," म्याओ डॉक्टर म्हणाली.

"धाकटी," सूफन म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी चमकून तिच्याकडे पाहिलं. का, ते सांगते.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला पितर घरी येतात. त्यांच्यासाठी कागदी नोटांची पाकिटं बांधून जाळतात आणि पाकिटावर घेणाऱ्याचं नाव लिहितात. नाव नसेल तर ज्याचं त्याला मिळत नाही, वाटेतली भुकेली भुतं पळवतात. चाळीतल्या निम्म्या लोकांची पाकिटं मीच लिहायचे. सूफन दरवर्षी एकच पाकीट आणायची, सासूच्या नावाचं. आणि खाली एक ओळ लिहायला सांगायची: यातलं अर्धं धाकटीला द्यावं.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, धाकटी कोण? तेव्हा एकदाच तिनं सांगितलं. गिरणीत असताना तिला मुलगी झाली होती. शंभरावा दिवस आला की बाळाचं नाव ठेवायचं, लाल रंगवलेली अंडी वाटायची. नाव तिनं मनात ठरवलं होतं, अंड्यांचा रंगही आणून ठेवला होता. मुलगी त्याआधीच तापानं गेली. शंभर दिवस न भरलेल्या पोराला आमच्याकडे नाव नसतं, थडगं नसतं, पाकीट नसतं. सासऱ्यानं चटईत गुंडाळून टेकडीवर नेलं. जागा कुठली ते आईला सांगत नाहीत. रडायचं नाही, कारण रडलं की पुढचं मूलही त्याच वाटेनं जातं म्हणतात. पुढचं मूल झालंच नाही.

"म्हातारी मेली तेव्हा मला सुचलं," सूफन म्हणाली होती. "आयुष्यभर तिच्याशी भांडले. आता दरवर्षी तिला लाच देते. नातीला आपल्यातलं देईल की नाही देव जाणे, फार चिकट होती."

ठरवलेलं नाव काय होतं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. न ठेवलेलं नाव उच्चारत नाहीत.

तर आता ही दुसरी धाकटी. म्याओ डॉक्टरनं युक्ती काढली होती. एक पिल्लू आईपाशी, एक पेटीत उबेला. मग सूफननं मधाचं पाणी घातलेली वाटी पुढे करायची, मानमान वाटीत तोंड घालेल तेवढ्यात छातीवरचं पिल्लू काढून घ्यायचं आणि दुसरं ठेवायचं. ठेवण्याआधी त्याला मानमानच्या मुतानं भिजलेलं फडकं फासायचं. असं आलटून पालटून दोघींना आईचं दूध मिळेल आणि आईला वाटेल, एकच आहे. बाटलीच्या दुधावर एवढं लहान पिल्लू टिकत नाही, त्याचं पोट बिघडतं. म्हणजे धाकटीचा जीव सूफनच्या हातावर होता, आणि तो हात मानमानला आपला वाटण्यावर.

आणि जमलं. मानमानला फसवलं जातंय ते कळत होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, कळत होतं. वाटीत तोंड घालण्याआधी ती सूफनकडे एकदा बघायची, जशी एखादी सासुरवाशीण विश्वासू शेजारणीकडे मूल सोपवताना बघते.

सूफन धाकटीला 'कुत्रं' म्हणायची. पोर जगवायचं असेल तर त्याला कुत्र्यामांजराच्या नावानं हाक मारतात. यमाच्या दूतांना वाटतं, कुत्रंच आहे, आणि ते पुढच्या दारी जातात. "माझं कुत्रं ते, घाणेरडं, कुरूप," असं म्हणत ती कापसाच्या बोळ्यानं तिचं पोट चोळायची. म्याओ डॉक्टर हसायची. सूफन म्हणायची, "हसू नकोस गं. मागच्या वेळी मी शहाणी होते, अंधश्रद्धा सोडा सांगणाऱ्या सभांना जायचे, असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता माझा."

मग पौर्णिमा आली.

मी म्हणाले, "यंदा तू जाऊ नकोस. दे पाकीट, मी जाळते."

"सासू तुला ओळखत नाही. माझ्या हातचंही कुरकुरत घेते."

"मी सांगेन तिला, सुनेचा निरोप आहे."

"आणि धाकटी?" ती म्हणाली. "ती परक्या हाताकडे येईल का?"

तिन्हीसांजेला ती नदीकाठी गेली, पाकीट जाळून आली, कोट बदलला, साध्या पाण्यानं हात धुतले. केसांचा विचार तिच्या मनात आला नाही. माझ्याही आला नसता. त्या आठवड्यात अख्ख्या शहराच्या केसांत तोच धूर असतो. आमच्या नाकांना तो वास वाटतच नाही. पितरांचा धूर तो, त्यात वाईट काय?

पण मानमान रानातली. रानातल्या जिवाला धूर म्हणजे वणवा.

सूफननं वाटी पुढे केली. मानमान आली, आणि थबकली. मग सूफननं थोरलीला काढून घ्यायला हात पुढे केला तशी ती गुरकावली. इतक्या दिवसांत तिचा तो आवाज कुणी ऐकला नव्हता. थोरलीला तोंडात धरून ती मागच्या कोपऱ्यात गेली आणि पाठ फिरवून बसली. घाबरून सूफननं धाकटीला गजांच्या आत ठेवलं, वाटलं, रडणं ऐकून तरी येईल. धाकटी रडली. मानमान आली, तिला हुंगलं आणि परत गेली. सूफननं धाकटीला छातीशी धरून आणलं होतं, म्हणून धाकटीच्याही अंगाला धूर लागला होता.

त्यानंतर मानमान वाटीकडे येईना. दुसऱ्या कुणाचा हात तिला नकोच होता, आणि आता सूफनचाही नको.

छ्यू साहेबांनी सूफनला बोलावलं. मी गोळ्यांची परात घेऊन दारातच होते, हललेच नाही.

"कुठे गेली होतीस?"

खोटं बोलायला जागा होती. घरी चूल पेटवली म्हणाली असती तरी चाललं असतं. सूफन म्हणाली, "पाकीट जाळायला."

"सासूचं? एक वर्ष थांबली नसती का तुझी सासू? या पिल्लाचा जीव..."

"सासूचं नाही. माझ्या मुलीचं."

छ्यू साहेबांनी विचारलं, "तुला मुलगी होती?"

"शंभर दिवस भरले नव्हते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "मी पण जाळलं. आईचं. खिडकी लावून, कुणी बघू नये म्हणून." आणि जरा वेळानं, "जा. काय करता येईल ते बघ."

म्याओ डॉक्टरनं बाटली लावली. धाकटी प्यायली आणि तिचं पोट बिघडलं. तिचा आवाज बसला. आधी ती किंचाळायची तेव्हा मला डोकं उठल्यासारखं व्हायचं. आता ती गप्प पडून होती आणि मी स्वयंपाकघरात कान देऊन बसायचे. म्याओ डॉक्टर पेटीपाशीच जेवायची, पेटीपाशीच डुलकी घ्यायची. ती स्पष्ट म्हणाली, "आईचं दूध मिळालं नाही तर मी हिला वाचवू शकणार नाही, मावशी."

सूफन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कात्री दे."

तिचे केस कमरेपर्यंत होते. तिच्यापाशी मिरवावं असं तेवढंच होतं. मी म्हणाले, "अगं, धुऊन टाक ना!"

"साबणाचा वास येईल. काप."

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. तिचा, मानमानचा, त्या म्हाताऱ्या सासूचा, ज्यांनी चटई नेली त्या सगळ्यांचा. "अर्ध्या नोटांसाठी केवढं हे!" मी ओरडले. "ती पोर मेली सूफन, वीस वर्षं झाली. ही जिवंत आहे!"

"म्हणून तर काप म्हणते," ती म्हणाली.

मी कापले. पार मुळापासून, वेडेवाकडे. मग ती पांडाघरात गेली आणि मानमानच्या पिंजऱ्यातून काढलेलं घाण, ओलं गवत गजांच्या अलीकडे पसरून त्यावर आडवी झाली. तिथेच राहिली. जेवणही तिथेच. मी पेज नेऊन द्यायचे तेव्हा नाकाला बाही लावावीशी वाटायची, इतका दर्प. ती मानमानशी बोलत नव्हती, हात पुढे करत नव्हती, वाटी दाखवत नव्हती. नुसती पडून होती. मानमान कोपऱ्यातून बघायची.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. धाकटी कापसासारखी हलकी झाली होती. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर मानमान गजांपाशी बसलेली. सूफनच्या भादरलेल्या डोक्याला नाक लावून हुंगत होती. मी जागच्या जागी उभी राहिले. सूफन हलली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं.

मग मानमाननं स्वतःहून पुढचा पंजा सैल केला.

थोरली छातीवर लोळत होती. सूफननं सावकाश, अगदी मानमानसारखी सावकाश, हात घालून तिला उचललं. म्याओ डॉक्टरनं फडकं फासलेली धाकटी तिच्या दुसऱ्या हातात ठेवली. सूफननं ती पुढे केली. मानमाननं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि तोंडानं उचलून छातीशी लावलं. थोड्या वेळानं चुरूचुरू आवाज येऊ लागला. माझ्या हातातली पेज सगळी सांडली होती, हे मला नंतर कळलं.

धाकटी जगली. काळे कान आले, काळे डोळे आले, आणि थोरलीच्या अंगावर चढून तिचाच कान चावण्याची खोड लागली.

शंभरावा दिवस थंडीत आला. मंडप घातला, बँड आला, शाळेची मुलं झेंडे घेऊन आली. कुठले कुठले पुढारी आले आणि दोन्ही पिल्लांची नावं ठेवली गेली. थोरलीचं आता आठवत नाही, धाकटीचं ठेवलं शिनरोंग, म्हणजे नवं वैभव. एका बातमीदारानं सूफनला गाठलं. "इतके दिवस तुम्ही तिला काय म्हणत होता?"

"काही नाही," सूफन लोकरीची टोपी कानांवर ओढत म्हणाली. "नाव नव्हतं ना."

समारंभ उरकल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात टोपली होती, टोपलीत लाल रंगवलेली अंडी. वाघांच्या माणसापासून म्याओ डॉक्टरपर्यंत तिनं सगळ्यांना स्वतः वाटली. छ्यू साहेबांनी दोन्ही हातांनी घेतलं. लोकांना वाटलं, पांडांच्या बारशाची अंडी. मी माझं अंडं तिथेच सोललं आणि खाल्लं, तर बोटं लाल झाली. सूफन म्हणाली, "रंग जुना होता, सुटतो," आणि चक्क हसली.

पुढच्या वर्षी सातव्या महिन्यात ती कागद घेऊन माझ्या दारात आली. केस कानांपर्यंत वाढले होते.

"दोन लिही यंदा."

पहिलं मी नेहमीसारखं सासूचं लिहिलं. खालची ओळ लिहायला गेले तर म्हणाली, "ती ओळ नको." मी दुसरं पाकीट पुढे घेतलं. "हे कुणाचं?"

तिनं पाकिटाची घडी बोटानं सपाट केली. मग म्हणाली, "तान फिंगआन."

तान म्हणजे तिच्या नवऱ्याचं घराणं. फिंगआन म्हणजे सुखरूप. वीस वर्षं पोटात ठेवलेलं नाव तिनं असं सांगितलं, जसं कुणी बाजारातून आणायच्या भाजीचं सांगावं. मी लिहिलं. आयुष्यात इतकं जपून मी कधी लिहिलं नाही.

"चल, संध्याकाळी जाऊ नदीवर," मी म्हणाले.

"मी नाही येत. पोरी अजून अंगावर पितात मानमानच्या. मला धूर चालत नाही. तू जाळ."

"अगं, परक्या हाताकडे येईल का ती? तूच म्हणाली होतीस."

"तेव्हा नाव नव्हतं तिला," सूफन म्हणाली. "आता आहे. नाव घेऊन हाक मार, येईल."

संध्याकाळी नदीकाठी सगळं शहर लोटलं होतं, जागोजाग छोटे जाळ. भुकेल्या भुतांना अडवायला मी खडूनं गोल काढला. आधी सासूचं पेटवलं आणि म्हणाले, "घ्या बाई, यंदा वाटेकरी नाही, सगळं तुमचंच." मग दुसरं हातात घेतलं. हाक मोठ्यानं मारावी लागते. मी चाळीतली सर्वांत मोठ्या तोंडाची बाई, पण माझा आवाज फुटेना. पाकीट पेटलं, हाताला चटका बसला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"फिंगआन! अगं ए फिंगआन! ये बाळ, आईनं पाठवलंय!"

शेजारी एक म्हातारी आपल्या माणसांचं जाळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आपली पाकिटं जरा बाजूला सरकवून वाट करून दिली आणि विचारलं, "कोण तुमची?"

"भाची," मी म्हणाले. "सूफनची मुलगी. फिंगआन तिचं नाव."